गॅफ शिडाची होडी: घरी बांधायची, किनाऱ्याने हाकायची

चौकोनी शीड, आखूड डोलकाठी आणि शिडाच्या माथ्यावर तिरपी बसवलेली आणखी एक काठी. जुन्या युरोपीय बंदरांच्या चित्रांत अशी होडी हमखास दिसते. माथ्यावरच्या त्या काठीला गॅफ म्हणतात आणि त्यावरून त्या शिडालाही गॅफ शीड म्हणतात. शर्यतीच्या नौकांनी हे शीड जवळपास शंभर वर्षांपूर्वी सोडले. घरच्या अंगणात होडी बांधणाऱ्या हौशी माणसांनी मात्र ते आजही सोडलेले नाही. लहान होडी, किनाऱ्यालगतचा प्रवास, एक-दोन माणसे आणि मर्यादित पैसे असा हिशेब असला की नकाशे पुन्हा पुन्हा गॅफकडेच वळतात.

महाराष्ट्राला सातशेहून अधिक किलोमीटरचा किनारा आहे, पण राज्याचा मोठा भाग समुद्रापासून लांब आहे. परभणी जिल्हा तर सरळ रेषेत मोजला तरी अरबी समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. गोदावरी या जिल्ह्यातून वाहते, जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. होडी म्हटले की इथे नदी ओलांडायची नाव किंवा धरणातल्या मासेमारीची लहान डोंगी एवढेच डोळ्यांपुढे येते. तरीही घरी होडी बांधण्याचा विचार इथे बसून करता येतो. त्याचे कारण गॅफ शिडाच्या रचनेतच आहे.

गॅफ म्हणजे नेमके काय?

होडीवर उभी असते ती डोलकाठी. शिडाची पुढची कड डोलकाठीला लाकडी कड्यांनी किंवा दोराच्या वेढ्यांनी बांधलेली असते. खालची कड बूम नावाच्या आडव्या काठीवर असते. वरची कड असते गॅफवर. गॅफचे डोलकाठीकडचे टोक बेचक्यासारखे कापलेले असते. हे बेचके डोलकाठीला मागून मिठी मारते आणि तिच्यावरून वर-खाली सरकते.

हे शीड चढवायला दोन दोर लागतात. एक बेचक्याजवळचा, त्याला थ्रोटचा दोर म्हणतात. दुसरा गॅफच्या बाहेरच्या टोकाकडचा, तो पीकचा दोर. दोन्ही एकत्र ओढले की गॅफ आडवी राहून वर जाते. थ्रोट पूर्ण चढला की तो बांधायचा आणि मग पीक ओढत राहायचे. गॅफ तिरपी होत जाते आणि शिडावरच्या सुरकुत्या नाहीशा होतात. पीक थोडे जास्तच ओढले की शिडात गॅफच्या बाहेरच्या टोकाकडून डोलकाठीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे दोन-तीन सुरकुत्या पडतात. त्यात वारा भरला की त्या निघून जातात. नवख्याला दोन दोर म्हणजे दुप्पट गुंता वाटतो. पण हेच दोन दोर पुढे संकटात कामाला येतात.

अचानक वारा वाढला तर पीकचा दोर सोडून द्यायचा. शिडाचा वरचा भाग दुमडून खाली लोंबतो आणि अर्धीअधिक ताकद निघून जाते. हे काही क्षणांत होते आणि एका माणसाला जमते. दिसायला ते शीड केविलवाणे दिसते, पण होडी सरळ उभी राहते. त्यानंतर सावकाश शीड आखूड करता येते, म्हणजे खालचा पट्टा गुंडाळून छोट्या दोऱ्यांनी बांधता येतो.

आज बहुतेक नौकांवर दिसते ते त्रिकोणी शीड बर्म्युडा पद्धतीचे. त्याला गॅफ लागत नाही. तेवढेच कापड त्रिकोणात बसवायचे तर डोलकाठी मात्र बरीच उंच करावी लागते. उंच काठी वाकते, म्हणून तिला पोलादी तारांचे ताण द्यावे लागतात. ताण आले की त्यांचे खटके, पट्ट्या, बोल्ट आणि होडीच्या अंगात त्यांना पेलणारी मजबुती आली. या सगळ्याचा मोबदला म्हणजे वाऱ्याच्या दिशेने चढण्याची ताकद. कोणतीही शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही, तिरपे-तिरपे नागमोडी जावे लागते. चांगली बर्म्युडा नौका वाऱ्याशी साधारण 45 अंशांपर्यंत जाते, लहान गॅफ होडी 50 ते 55 अंशांवरच समाधान मानते. शिडाचा माथा वाऱ्याच्या दाबाने बाहेर झुकतो आणि तिथली ओढ वाया जाते, हे त्याचे मुख्य कारण.

वारा बाजूने किंवा मागून असेल तेव्हा हिशेब उलटतो. चौकोनी शिडाचे कापड खाली, रुंद पसरलेले असते, त्यामुळे होडी कमी कलते आणि जोराने चालते. काठ्या आखूड असल्याने त्या साध्या लाकडातून तासता येतात आणि मोडल्या तर पुन्हा तासता येतात. पंधरा फुटी होडीची डोलकाठीसुद्धा होडीच्या लांबीच्या आसपास राहते. सगळ्या काठ्या होडीतच आडव्या मावतात. समुद्रापासून दूर राहणाऱ्यासाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची आहे.

गॅफ होड्यांची शिडे जुन्या चित्रांत तांबूस-तपकिरी का दिसतात, याचे उत्तर मराठी वाचकाच्या पानाच्या डब्यात आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार सुती शिडे कुजू नयेत म्हणून कातात उकळत. हा कात खैराच्या लाकडापासून काढलेला, भारत आणि ब्रह्मदेशातून जहाजाने तिकडे जाणारा. आता शिडे कृत्रिम धाग्यांची असतात, त्यांना काताची गरज नाही. तरी जुन्या घाटाच्या होड्यांसाठी मुद्दाम काताच्या रंगाचे कापड विकले जाते.

कोकणातले शीड वेगळे कसे?

कोकणात गॅफची परंपरा नाही. मचवा, पडाव, शिबाड, गलबत या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या इथल्या नौकांवर लॅटिन घराण्याचे शीड असे. आखूड, पुढे झुकलेली डोलकाठी आणि तिच्यावर तिरपी टांगलेली एक खूप लांब काठी. या काठीचे खालचे टोक नाळेच्या पुढे जाई, वरचे टोक आकाशात. शीड या लांब काठीलाच बांधलेले, डोलकाठीला नव्हे. कोकणी आणि अरबी नौकांवर या त्रिकोणाचे पुढचे टोक थोडे छाटलेले असे, त्यामुळे शिडाला एक चौथी, आखूड कड मिळे.

दोन्ही पद्धतींचा मूळ विचार एकच आहे: उंच डोलकाठी न वापरता कापड उंच नेणे. लाकडी डोलकाठीवर पोलादी तारा न वापरता जेवढे साधता येईल तेवढे साधणे. फरक माणसांच्या हिशेबात पडतो. लॅटिन शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घ्यायचे तर ती लांब काठी शिडासकट डोलकाठीच्या पुढून फिरवावी लागते. त्यासाठी बहुधा होडीची पाठ वाऱ्याकडे करून वळसा घेतला जाई. मोठ्या नौकेवर या कामाला चार-पाच हात लागत आणि वारा जोराचा असला तर ते धोक्याचे असे. कोळीवाड्यात हात होते. दर्यावर जाणारे कुटुंबच होते, भाऊ-पुतणे होते. गॅफ शीड मात्र होडी वळवली की आपोआप दुसऱ्या बाजूला जाते. एकट्या किंवा दुकट्या माणसासाठी ते बरे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातल्या होड्यांवर डिझेल इंजिने आली आणि शीड हळूहळू उतरले. इंजिनामुळे मासे ताजे बंदरात येऊ लागले, वारा पडला म्हणून उपाशी राहण्याची वेळ टळली. त्यावर हळहळण्याचे कारण नाही. नुकसान झाले ते एका ज्ञानाचे. शिडावर होडी हाकलेली पिढी आता फार म्हातारी झाली आहे, आणि कापडाचे माप, काठीचा उतार, दोराची जागा हे सारे कागदावर न उतरता हातातच राहिले होते. आज कोणी कोकणी मचवा शिडासकट घरी बांधू म्हटले तर तयार नकाशा सहज मिळत नाही. गॅफ होडीचे नकाशे जगभरातून मागवता येतात. परंपरा असूनही आपल्याकडच्या हौशी माणसाला परक्या शिडाकडे जावे लागते, ते यामुळे.

मुंबईच्या सुतारांनी बांधलेली सुहेली

नकाशा टपालाने मागवून महाराष्ट्रात बांधलेल्या लहान नौकेचे एक उदाहरण जगाच्या नौकानयनाच्या इतिहासात अढळ आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर नोकरी करत होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी मुंबईत स्वतःसाठी नौका बांधून घ्यायचे ठरवले. इंग्लंडहून नकाशे मागवले. आले ते त्यांना हव्या असलेल्या नौकेचे नव्हते, जुन्या घाटाच्या 32 फुटी नौकेचे होते. नवे मागवायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून तीच बांधायची ठरली.

तो घाट विल्यम अॅटकिन या अमेरिकन नकाशाकाराचा, 1920 च्या दशकातला. त्याने तो नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचाव-नौकांवरून घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्चरने बांधलेल्या या नौका वादळात मच्छीमारांना वाचवायला समुद्रात राहत. दोन्ही टोके निमुळती, पोट भरलेले, तळाचा कणा लांब आणि शीड गॅफचे.

मुंबईच्या सुतारांनी ही नौका सागवानात बांधली. यंत्रे जवळपास नव्हतीच. वाकस, करवत, रंधा, दोरीने फिरवायचा गिरमिट अशी हत्यारे. 19 डिसेंबर 1964 ला नाळेवर नारळ फोडून ती पाण्यात उतरली. नाव ठेवले सुहेली. पर्शियन आखातातल्या आग्नेय वाऱ्याचे हे नाव. सुहेल म्हणजे अरबीत अगस्त्याचा तारा. शिडे मात्र मालकांनी त्रिकोणी, बर्म्युडा पद्धतीची निवडली, म्हणून सुहेलीला गॅफ होडी म्हणता येणार नाही. अंग जुने, शीड नवे अशी ती जोड होती.

14 जून 1968 ला नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरातून एकटा निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ती पहिली शर्यत, गोल्डन ग्लोब. नऊ जण उतरले होते. सुहेली सगळ्यात मंद नौकांपैकी एक. अटलांटिकमध्येच तिच्या तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. त्याने पाण्याखाली बुडी मारून फटीत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली, रेडिओ बंद पडला. 22 एप्रिल 1969 ला तो परत फॅल्मथला पोहोचला. बाकीच्या आठांपैकी कोणीही शर्यत पूर्ण केली नाही.

यातून घरी बांधणाऱ्याने घ्यायचे ते फटीतल्या कापसापासून. समुद्राच्या मध्यावर, एकट्या माणसाला, हाताशी असलेल्या वस्तूंनी दुरुस्त करता येईल अशी ती नौका होती. पारंपरिक घाटाचा खरा फायदा हाच. 2017 मध्ये गोव्यातल्या अॅक्वेरियस शिपयार्डने याच सुहेलीच्या घाटावर थुरिया नावाची नौका बांधली. अभिलाष टॉमी यांनी ती 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नेली. हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. घाट कितीही भरवशाचा असला तरी समुद्र हमी देत नाही.

गॅफ शिडाचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण शोधायचे तर आणखी मागे, अमेरिकेत जावे लागते. जोशुआ स्लोकम या निवृत्तीला आलेल्या कप्तानाला मॅसॅच्युसेट्समध्ये एक मोडकी होडी शेतात पडलेली मिळाली. तेरा महिने खपून त्याने ती जवळपास नव्याने बांधली, शेजारच्या कुरणातला ओक तोडून. स्प्रे नावाच्या या 36 फूट 9 इंची गॅफ होडीतून त्याने 1895 ते 1898 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती जगातली पहिली एकट्याची प्रदक्षिणा. खर्चाचा हिशेब त्याने सेंटपर्यंत लिहून ठेवला: 553 डॉलर 62 सेंट.

घरी बांधण्याच्या पद्धती

स्लोकमच्या आणि मुंबईच्या सुतारांच्या पद्धतीत आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा घालतात. त्यावर फासळ्या उभ्या करतात आणि फासळ्यांवर फळ्या चढवतात. फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासून त्यावर लुकण भरतात. ही पद्धत देखणी आहे, पण तिला वाकडे लाकूड, मुरलेला हात आणि वर्षे लागतात. कोकणात अजून काही सुतार असे काम करतात. शिकायचे तर त्यांच्या हाताखाली उमेदवारी करण्याला पर्याय नाही.

घरच्या माणसासाठी क्रांती झाली ती प्लायवूडने. 1963 मध्ये ब्रिटनमध्ये मिरर नावाची 10 फूट 10 इंची होडी बाजारात आली. जॅक होल्ट हा नकाशाकार आणि बॅरी बकनेल हा दूरदर्शनवर घरगुती दुरुस्त्या शिकवणारा माणूस, या दोघांनी ती आखली. डेली मिरर या वृत्तपत्राने तिचा प्रचार केला म्हणून नाव मिरर. प्लायचे कापलेले तुकडे कडेला भोके पाडून तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायचे. सगळे अंग असे शिवून उभे राहिले की सांध्यांवर काचतंतूची पट्टी आणि राळ लावायची. राळ सुकली की होडी तयार. सत्तर हजारांहून अधिक मिरर बांधल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक गॅरेजात आणि बैठकीच्या खोलीत. तिचे शीड गॅफचेच एक रूप आहे, त्याला गंटर म्हणतात. त्यात गॅफ जवळपास उभी राहते. निवडण्याचे कारण साधे: काठ्या आखूड राहतात आणि सगळ्या होडीत मावतात.

होडी शिवण्याची कल्पना आपल्याला नवी वाटू नये. अरबी समुद्रात लोखंडी खिळ्याऐवजी काथ्याने फळ्या शिवण्याची रीत फार जुनी आहे. भारतीय नौदलासाठी गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्सने अशी शिवलेली नौका नुकतीच बांधली. तिचा घाट अजिंठ्याच्या लेण्यातल्या, पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून घेतला, म्हणजे मूळ नकाशा मराठवाड्यातला. बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली केरळच्या कारागिरांनी ती शिवली. मे 2025 मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली आणि तिला कौंडिण्य हे नाव मिळाले. मिररमधली तार फक्त राळ सुकेपर्यंत टिकायची असते. कौंडिण्यमध्ये काथ्याचा टाकाच फळ्यांना कायमचा धरून ठेवतो. एवढा फरक सोडला तर हाताची हालचाल तीच.

प्लाय, राळ आणि परभणीची हवा

समुद्रापासून दूर बांधायची होडी प्लायची असलेली बरी. फळ्यांच्या होडीला पाण्यात राहावे लागते. पाण्याबाहेर कोरड्या हवेत लाकूड आटते आणि फटी उघडतात. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत तर अशी होडी चाळणी होईल. प्लायचे तुकडे इपॉक्सी राळेने बंद केले की लाकूड ओल घेत नाही आणि सोडतही नाही. अशी होडी वर्षातले अकरा महिने शेडमध्ये राहू शकते.

फर्निचरच्या दुकानात मरीन प्लाय म्हणून जो माल मिळतो त्याचे भारतीय मानक आयएस 710. स्वयंपाकघराच्या कपाटांमुळे हा प्लाय आता तालुक्याच्या गावीही मिळतो. शिक्का असला तरी नमुना पारखून घ्यावा. हातभर तुकडा पातेल्यात उकळत ठेवायचा. मानकाच्या चाचणीत तो 72 तास उकळतात, घरी एक दिवस पुरे. थर सुटले तर तो प्लाय होडीला नको. कापलेल्या कडेकडे नीट पाहावे. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर तिथेच पाणी साचून कूज सुरू होईल. आपल्याकडचा प्लाय बहुधा युरोपीय नकाशात धरलेल्या ओकुमे लाकडापेक्षा जड असतो, म्हणून नकाशातले वजन जसेच्या तसे मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

राळेला हवामान कळते. मे महिन्यात चाळीस अंशांत वाटीतले मिश्रण काही मिनिटांत तापून दगड होते. पावसाळ्यात दमट हवेमुळे तिच्यावर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा रात्री दहा अंशांखाली जातो, तेव्हा ती सुकायलाच तयार होत नाही. उरतात ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च, आणि थंडीतले दुपारचे काही तास. सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याने दोन हंगाम धरून चालावे.

काठ्यांसाठी सरळ धाग्याचे, गाठी नसलेले लाकूड लागते. किनाऱ्यावर सुरूचे सोट मिळतात. गॅफ वर टांगायची असल्याने हलकी हवी, तिथे भरीव बांबू चालतो. डोलकाठीला मात्र बांबू वापरू नये, बेचके घासून त्याची साल फाटते.

पैशांबाबत होडी बांधणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे: अंग उभे राहिले म्हणजे खर्चाचा तिसरा हिस्सा झाला. शिडे, दोर, कप्प्या, सुकाणूच्या बिजागऱ्या, नांगर, जीवरक्षक जाकिटे आणि रंग यांत उरलेले दोन हिस्से जातात. अर्धवट होड्या जगभर पडून असतात, त्यांतल्या बहुतेक याच टप्प्यावर थांबलेल्या. पहिली होडी पंधरा-सोळा फुटांहून मोठी घेऊ नये, या सल्ल्याचे मूळ इथे आहे. त्या मापात ती दोन माणसांना झोपायपुरती जागा देते आणि सतरा फुटी आयशरमध्ये काठ्यांसकट मावते. तिला कायम बंदरात बांधून ठेवण्याची गरज उरत नाही.

कोकण किनाऱ्यावर ही होडी कशी चालेल?

भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. पावसाळ्यात, जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत, लहान होडीने समुद्राचे नाव काढू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. उन्हे चढली की तो पडतो, मध्ये तास-दोन तास हवा थांबते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. संध्याकाळपर्यंत तो चांगलाच जोर धरतो.

कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे मुंबईकडून मालवणकडे जाताना दुपारचा वायव्य वारा मागून-बाजूने मिळतो आणि तो गॅफचा आवडता वारा आहे. पण परत उत्तरेकडे यायचे तर हाच वारा तोंडावर येतो, आणि तिथे गॅफची दुबळी बाजू उघडी पडते. 55 अंशांनी नागमोडी जाणारी होडी दिवसभर पाणी कापूनही थोडीच पुढे सरकते. शिडाच्या जुन्या काळी यावरचा उपाय मतलई वारा हाच होता. तो पूर्वेकडून, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्या होडीच्या बाजूने येतो. पहाटे अंधारात निघायचे, किनारा धरून मतलईवर उत्तरेला सरकायचे आणि खारा वारा चढायच्या आत पुढच्या खाडीत शिरायचे. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ. ज्याला परतीची घाई आहे त्याने दक्षिणेकडे जाऊन होडी गाडीवर घालून परत आणावी, हे अधिक शहाणपणाचे.

खाड्यांची मात्र इथे चंगळ आहे. राजपुरी, सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, वाघोटणची विजयदुर्ग. जुन्या आरमारांचा आसरा होत्या त्या याच जागा. बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि ओहोटीला त्यावर लाटा फुटतात. आत शिरण्याची वेळ भरतीवर ठरवावी आणि पहिल्या खेपेला तिथल्या मच्छीमाराला वाट विचारावी. उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाणी चार मीटरहून अधिक चढ-उतार करते. दक्षिणेकडे हा फरक कमी होत गोव्याजवळ साधारण दोन मीटरवर येतो. म्हणून तळ उथळ आणि सपाट हवा, म्हणजे ओहोटीला होडी चिखलावर सरळ बसते. खोल कण्याची नौका अशा वेळी कुशीवर पडते.

परवानगी आणि पहिली चाचणी

2008 च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी मच्छीमार नौका वापरून समुद्रमार्गे आले. तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे संशयाने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. खाड्या आणि लहान बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. होडीची नोंदणी आणि वापर याबाबत तिथे आधी विचारावे. जिथून निघायचे तिथल्या सागरी पोलीस ठाण्याला मार्ग आणि माणसांची नावे कळवावीत. धरणाच्या जलाशयात होडी उतरवायची तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते.

पहिली चाचणी समुद्रात घेऊ नये. परवानगी मिळाली तर येलदरीसारखा जलाशय त्यासाठी उत्तम, फक्त धरणाच्या भिंतीपासून आणि मासेमारीच्या जाळ्यांपासून दूर राहावे. पहिल्या दिवशी शीड न लावता वल्ह्यांवर होडी फिरवायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मंद वाऱ्यात शीड, आणि पीकचा दोर सोडून होडी थांबवण्याचा सराव पंधरा-वीस वेळा. त्यानंतरची चाचणी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, जाकिटे घालून आणि दोन माणसे काठावर ठेवून. होडी मुद्दाम आडवी पाडायची, पाण्याने भरू द्यायची, मग सरळ करून बादलीने उपसायची. भरलेली होडी दोन माणसांना घेऊन तरंगत राहिली पाहिजे. ती बुडू लागली, किंवा उपसण्याच्या वेगाने पुन्हा भरू लागली, तर पुढच्या-मागच्या बंद कप्प्यांत आणखी हवा किंवा फोम हवा. ते काम घरी, शेडमध्ये परत नेऊन करायचे आणि चाचणी पुन्हा घ्यायची.